पंचवीस लाखांचा आकडा आला कुठून?

वाचक ताईंचं पत्र (थोडक्यात): मी एका लहान विश्वस्त संस्थेची खजिनदार आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी आम्ही हंगामी वसतिगृह चालवतो. साठ मुली आहेत. आई-वडील कारखान्यांवर गेले की नोव्हेंबर ते एप्रिल त्या आमच्याकडे राहतात आणि गावच्याच शाळेत जातात. यंदा संस्थेला २५ वर्षं होतात. त्यानिमित्त डिसेंबरात पुण्यात संस्थेच्या साहाय्यार्थ मोठा कार्यक्रम करायचं ठरतंय. हजारेक खुर्च्यांचं नाट्यगृह, नावाजलेले गायक, शेवटी जेवण, आणि उद्दिष्ट २५ लाखांचं. खर्चाचा अंदाज साडेसहा लाखांचा आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही ६०० मोफत प्रवेशिका वाटल्या होत्या, आले २४० जण. जमले ३ लाख १० हजार, त्यातले १ लाख ९० हजार खर्चात गेले. मला रिकाम्या खुर्च्यांची भीती वाटते. आमचे संस्थापक अध्यक्ष, ज्यांना आम्ही सर म्हणतो, सत्तरीचे आहेत. मी आकडे मांडले की ‘तुम्ही फार नकारात्मक विचार करता’ म्हणतात आणि निधीसाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’ या जुन्या गाजलेल्या नाट्यप्रयोगाचं उदाहरण देतात. किती लोक येतील हे आधी कसं ओळखायचं? उद्दिष्ट किती ठेवावं? रविवारी कार्यकारी मंडळाची बैठक आहे.

ताई,

तुमच्या पत्रासोबत मागच्या कार्यक्रमाचा हिशेब होता. तो मी तीनदा वाचला. खजिनदाराने इतका स्वच्छ हिशेब ठेवणं हीच संस्थेची मोठी पुण्याई असते, म्हणून सुरुवात त्या कागदापासूनच करते.

जमलेल्या ३ लाख १० हजारांपैकी दोन लाख फक्त दोघांनी दिले आहेत, एकाने सव्वा लाख आणि दुसऱ्याने पाऊण लाख. सव्वा लाखवाले गृहस्थ कार्यक्रमाला आलेच नव्हते, त्यांनी ड्रायव्हरकडून धनादेश पाठवला, असं तुम्हीच कोपऱ्यात लिहून ठेवलंय. म्हणजे सभागृहात बसलेल्या बाकीच्या लोकांकडून आले १ लाख १० हजार, माणशी साधारण ४६० रुपये. आणि कार्यक्रमाचा खर्च आलेल्या माणसांवर वाटला तर माणशी सुमारे ७९० रुपये होतो. त्या संध्याकाळी जितकी माणसं वाढली असती, तितका जेवणाचा खर्च वाढला असता. देणगी त्या प्रमाणात वाढली असती असं या कागदावरून तरी दिसत नाही.

तुमची भीती रिकाम्या खुर्च्यांची आहे. मला तुमच्या जागी भरलेल्या खुर्च्यांचीही काळजी वाटली असती. हजार माणसं येऊन, जेवून, छान झालं म्हणून घरी जातात आणि वसतिगृहाच्या खात्यात फारसं काहीच उरत नाही, असे कार्यक्रम मी पाहिले आहेत. कार्यकर्ते त्यानंतर महिनाभर थकलेले असतात, आणि गर्दी झाली होती म्हणून कोणी प्रश्नही विचारत नाही. हजेरी आणि निधी ही दोन वेगळी उद्दिष्टं आहेत. ती वेगवेगळ्या कागदांवर मांडा.

आधी निधीचा कागद. २५ लाख हा आकडा आला कुठून? पत्रात त्याचं एकच कारण दिसतं, २५ वर्षं झाली म्हणून २५ लाख. वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या लावाव्यात तसा हा आकडा लागलाय. देणगीदाराने ‘या पैशांचं काय करणार?’ असं विचारलं तर मंडळातला प्रत्येक जण वेगळं उत्तर देईल.

तुम्ही दिलेल्या खर्चावरून मी वेगळा हिशेब केला. एका मुलीचा महिन्याचा सगळा खर्च ४,००० रुपये, म्हणजे सहा महिन्यांच्या हंगामाचे २४,०००. साठ मुलींचे १४ लाख ४० हजार. त्यातले सहा लाख नेहमीच्या देणगीदारांकडून येतात आणि तीन लाख एका कंपनीच्या सामाजिक निधीतून मंजूर आहेत. तूट उरते ५ लाख ४० हजारांची. न्हाणीघरं आणि संडास नव्याने बांधायला तीन लाख लागतील, असं तुम्ही लिहिलंय. सगळं मिळून ८ लाख ४० हजार. खर्च वजा जाता हातात पडायला हवी ती ही रक्कम. तुमच्या संस्थेचं या वर्षाचं खरं उद्दिष्ट हे आहे.

सरांच्या मनात कदाचित कायम निधी असेल. ती वाट चांगलीच आहे. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला, आणि त्याच्या व्याजातून कार्यकर्त्यांना मानधन मिळत राहावं अशी सोय केली. पण तिथे पैसा कशासाठी, हे पहिल्यापासून स्पष्ट होतं. तुमच्या २५ लाखांवर सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला पावणेदोन लाख येतील. त्यातून सात मुलींचा हंगाम निघेल. हे करायचं असेल तर पुढच्या तीन-चार वर्षांचं काम म्हणून करा. यंदाच्या साठ मुलींच्या जेवणाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

आता तारीख. पत्रात याबद्दल शंका दिसली नाही, पण मला सगळ्यात जास्त खटकली ती हीच गोष्ट. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते, कोयत्याला नवरा-बायकोला जोडीने जावं लागतं, मुलगी कुठे ठेवायची हा निर्णय त्या चार-आठ दिवसांत होतो. त्या वेळी वसतिगृहात पन्नासच मुलींची सोय असेल तर उरलेल्या दहा जणी उसाच्या फडावर जातात, आणि जानेवारीत पैसे आले म्हणून त्या शाळेत परतत नाहीत. डिसेंबरातला कार्यक्रम या हंगामासाठी उशिराच ठरेल. पुण्यातली संध्याकाळ ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधीच्या एखाद्या शनिवारी घ्या. त्यानंतर गणपती, पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी अशी रांगच लागते. डिसेंबरातला वर्धापनदिन वसतिगृहाच्या अंगणातच करा, मुलींसाठी आणि गावासाठी, कोणाकडेही पैसे न मागता. पंचवीस वर्षं ज्या गावाने जागा दिली, शिक्षक दिले, त्याचा तो मान आहे.

सभागृह साडेतीनशे-चारशे खुर्च्यांचं बघा. गायक एकच, हार्मोनियम-तबल्याची साथ, दीड तासाची मैफल. जेवण म्हणाल तर वसतिगृहात असतं तेच द्या, ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. पाहुण्यांना ते मनापासून आवडतं आणि मुलींच्या ताटात काय असतं हेही कळतं. या आकाराचा खर्च तुमच्याच दरांनी धरला तर २ लाख १० हजारांच्या आसपास बसतो. म्हणजे एकूण जमवायचे आहेत १० लाख ५० हजार. साडेसहा लाखांचा कार्यक्रम केलात तर वसतिगृहाला एवढेच पैसे मिळण्यासाठी जवळजवळ १५ लाख जमवावे लागतील.

हे साडेदहा लाख येणार कसे, हे बैठकीत एका कागदावर दाखवा. न्हाणीघरांसाठी तीन लाख देणारी एक व्यक्ती किंवा एक कुटुंब. पाच-पाच मुलींचा हंगाम उचलणारे दोघे, प्रत्येकी १ लाख २० हजार. दोन-दोन मुलींचा उचलणारे दोघे, प्रत्येकी ४८ हजार. एकेका मुलीचा उचलणारे आठ जण, प्रत्येकी २४ हजार. या तेरा जणांकडून ८ लाख २८ हजार होतात. उरले २ लाख २२ हजार. पाचशे रुपयांची साडेतीनशे तिकिटं विकली गेली तर १ लाख ७५ हजार येतील, बाकी ४७ हजार त्या संध्याकाळी जमतील.

या मांडणीत तिकिटांच्या पैशांतून संध्याकाळचा खर्चसुद्धा पुरता भागत नाही. वसतिगृह चालवणार आहेत ते तेरा जण. तुमची पुढच्या तीन महिन्यांची शक्ती कुठे लागली पाहिजे, हे त्यावरून ठरवा. एका होकारासाठी निदान तीन नावं हाताशी लागतात, म्हणजे चाळीस नावांची यादी हवी. प्रत्येक नावापुढे त्यांना भेटायला कोण जाणार हे लिहा. पत्र पाठवून भागत नाही. त्या माणसाला जो ओळखतो त्याने घरी जाऊन, समोर बसून, रकमेसकट विचारायचं. ‘जमेल तेवढं द्या’ असं म्हटलं की समोरचा माणूसच अवघडतो, किती दिलं तर बरं दिसेल याचा अंदाज घेत बसतो. ‘काका, पाच मुलींचा हंगाम तुम्ही उचलाल का?’ हा प्रश्न सोपा आहे. त्याला हो म्हणता येतं, नाही म्हणता येतं, आणि ‘दोघींचा उचलतो’ असंही म्हणता येतं.

या तेरांपैकी निम्म्यांचा होकार निमंत्रणपत्रिका छापायच्या आधी हवा. जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चार लाखांचे शब्द मिळाले नाहीत, तर कार्यक्रम एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये, चहा-पोह्यांवर करायचा, असं मंडळाच्या इतिवृत्तात आत्ताच लिहून ठेवा. सभागृहाची अनामत भरल्यावर असा निर्णय घ्यायचं धैर्य कोणालाच होत नाही. त्याच इतिवृत्तात हेही लिहा की पैसे कमी जमले तर पहिला हक्क मुलींच्या हंगामाचा, न्हाणीघरं त्यानंतर. मात्र ज्याने न्हाणीघरांसाठी म्हणून दिले, त्याचे पैसे तिथेच लागले पाहिजेत. दुसरीकडे वळवायचे असतील तर आधी त्याला विचारा.

आता तुमचा मूळ प्रश्न, किती लोक येतील? तुमच्याकडे त्याचं उत्तर आहे. ६०० मोफत प्रवेशिकांवर २४० आले, म्हणजे दहातले चार. फुकटच्या प्रवेशिकेचं असंच होतं. घेणारा नाही म्हणत नाही, ती फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवतो, आणि त्या शनिवारी पाऊस पडला की घरीच थांबतो. साडेतीनशे माणसं मोफत प्रवेशिकांवर आणायची तर पावणेनऊशे वाटाव्या लागतील, आणि त्यातले कोणते साडेतीनशे येणार हे दारात उभं राहीपर्यंत कळणार नाही. पैसे देऊन घेतलेल्या तिकिटाची माणसाला आठवण राहते. तरी दहातले एक-दोन जण राहतातच, म्हणून ताटं तीनशेची सांगा आणि थोडं पीठ जास्त ठेवा.

त्याहून भरवशाची रीत म्हणजे यजमान. पस्तीस माणसं अशी शोधा की प्रत्येक जण दहा तिकिटं घेईल आणि दहा माणसं बरोबर आणेल. कोणी सोसायटीतली आणेल, कोणी भिशीतली, कोणी बँकेतले जुने सहकारी. संस्थेने छापलेल्या पत्रिकेला नाही म्हणणं सोपं असतं, पण ‘आम्ही शनिवारी जातोय, चला’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याला तसं म्हणवत नाही. आठवडाभर आधी पस्तीस फोन करायचे आणि प्रत्येकाकडून नावं घ्यायची. तो आकडा तुमचा खरा अंदाज. दहा यजमान डगमगताना दिसले तरी हातात सात दिवस असतात.

सरांच्या उदाहरणाबद्दलही लिहायला हवं. ८ जुलै १९२१ला मुंबईत बालीवाला थिएटरमध्ये ‘संयुक्त मानापमान’ झालं, टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या नायकांना एका रंगमंचावर ऐकायला मिळणं ही मराठी रसिकांच्या आयुष्यातली दुर्मीळ घटना होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. असा योग मागवून येत नाही, आणि नावाजलेल्या गायकांच्या जोरावर त्याची आशा धरणं बरं नाही. पण त्या फंडाची दुसरी बाजू सरांना नक्की सांगा. त्याचं उद्दिष्ट एक कोटींचं होतं आणि मुदत ३० जूनची. नाटक झालं तेव्हा ती मुदत उलटून आठवडा झाला होता आणि कोटीचा आकडा गाठलाही गेला होता. ते पैसे देशभर दारोदार, पेठोपेठी, सभांमधून मागितले गेले होते. नाटकाने त्या कामाला शोभा आणली. सरांनीही पंचवीस वर्षांपूर्वी वसतिगृह उभं केलं ते दारोदार जाऊनच ना? त्यांना त्याची आठवण करून द्या.

पत्रातल्या एका ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. मुलींना पुण्याला आणून त्यांचा नाच बसवायचा आणि दोघी-तिघींनी स्टेजवर ‘आपली कहाणी’ सांगायची, असं ठरतंय. कृपा करून हे होऊ देऊ नका. तेरा वर्षांची मुलगी अनोळखी माणसांसमोर आईच्या हातावरचे कोयत्याचे व्रण वर्णन करते, समोरचे डोळे पुसतात, पाकिटं उघडतात. ती मुलगी परत जाताना बसमध्ये काय विचार करत असेल? आपलं दुःख विकलं की जेवण मिळतं, हा धडा आपण तिला द्यायचा का? मदत मिळते ती तिच्या शिकण्याच्या हक्कासाठी, आणि त्यासाठी तिने काही सिद्ध करून दाखवायची गरज नाही. फोटोंचंही तसंच. पडद्यावर चेहरे नकोत. वसतिगृहाची खोली, भिंतीवरचं वेळापत्रक, संध्याकाळी रांगेत ठेवलेल्या साठ चपला दाखवा. बोलायला कोणी हवंच असेल तर इथे राहून गेलेली, आता स्वतःच्या पायावर उभी असलेली एखादी मोठी मुलगी शोधा. तिला आधी मोकळेपणाने विचारा, काय सांगायचं ते तिला ठरवू द्या, आणि ती नको म्हणाली तर विषय तिथेच सोडा.

ती पाच मिनिटं बोलली की लगेच पैशांचं आवाहन व्हावं. मध्यंतराच्या आधी, एकाच माणसाने, तीन मिनिटांत. सत्कार, शाल-श्रीफळ, मान्यवरांची मनोगतं यात तास गेला की लोक घड्याळ बघू लागतात. आवाहनाच्या वेळी प्रत्येक खुर्चीवर एक कार्ड आणि पेन असू द्या. कार्डावर नाव, पत्ता, फोन, पॅन आणि रक्कम.

पावत्यांचं थोडक्यात सांगते, कारण नंतर डोकेदुखी तुम्हालाच होईल. तिकिटाचे पैसे म्हणजे देणगी नव्हे. त्याबदल्यात मैफल मिळते, म्हणून त्यावर करसवलतीची (जुन्या कायद्यातल्या ‘८०जी’ची) पावती देऊ नका, दोन वेगळी पावतीपुस्तकं ठेवा. दोन हजारांपेक्षा जास्त देणगी रोखीने दिली तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम धनादेशाने किंवा यूपीआयने घ्या. नव्या करप्रणालीत असलेल्यांना ही सवलत तशीही मिळत नाही, तेव्हा पत्रिकेवर करसवलतीचा गाजावाजा नको. निनावी देणग्या वर्षभरात एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या पाच टक्के, यांतल्या मोठ्या रकमेपलीकडे गेल्या तर त्यावर कर बसतो, म्हणून दारातल्या पेटीपेक्षा कार्ड बरं. १ एप्रिल २०२६पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत. पावतीवरचा मजकूर छापण्याआधी तुमच्या सीएंना दाखवा.

आणि तुमच्या न्यू जर्सीच्या नणंदबाई. त्या तिथल्या महाराष्ट्र मंडळातून डॉलर जमवून पाठवायचं म्हणताहेत. संस्थेची एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशी देणग्या घेण्यासाठी लागणारी सरकारी नोंदणी, नसेल तर हे पैसे घेता येणार नाहीत, अगदी प्रेमाने दिलेले असले तरी. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी आपल्या इथल्या बँक खात्यातून दिले तर चालतं, पण अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाची देणगी कायद्याने परदेशी धरली जाते. नणंदबाईंना हे आत्ताच कळवा. पैसे जमवून झाल्यावर कळलं तर त्यांचं मन दुखावेल.

राहता राहिले सर. तुम्ही आकडे बैठकीत सगळ्यांसमोर काढता आणि त्यांना ते आपल्या स्वप्नावरचा आक्षेप वाटतो, असं मला पत्रावरून वाटलं. पंचवीस वर्षं एक काम ओढलेल्या माणसाला, आपलं काम एकदा तरी मोठ्या रंगमंचावर दिसावं असं वाटलं, तर त्यात गैर काय? ती इच्छा आधी ऐकून घ्या. मग मागच्या हिशेबातल्या त्या दोन नावांवर बोट ठेवा. ते दोघेही सरांच्या शब्दाखातर देणारे आहेत, हे तुम्ही लिहिलंय. चाळीस नावांच्या यादीतही निम्मी माणसं सरांचीच निघतील, बघा. त्या दारांत तुम्ही किंवा मी जाऊन उपयोग नाही, सरच हवेत. कार्यक्रमाच्या धावपळीत त्यांची ताकद पत्रिका आणि पाहुण्यांच्या गाड्यांच्या सोयीत जाते. ती या तेरा घरांसाठी मोकळी करा, बाकीची दगदग तरुणांकडे द्या.

बैठक रविवारी आहे म्हणता. शनिवारी संध्याकाळी सरांकडे जाऊन या. एकट्याच जा, वही बरोबर घ्या, आणि सव्वा लाखवाल्या गृहस्थांना फोन तिथूनच लावायला सांगा.